छोट्या स्पेशल शाळेत घातलं तर पुढचं करिअर अडेल का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी आठवीत आहे, डिसलेक्सिया (वाचनातली अडचण) आणि डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) दोन्हीचा रिपोर्ट आलाय, आत्ताच्या शाळेतून रोज रडत घरी येते, आणि तुम्ही वर्गात आठच मुलं घेणारी एक छोटी शाळा बघून आलात पण घरचे म्हणतायत की तिथं घातलं तर शिक्का बसेल, पुढे कुठलं कॉलेज तिला घेणार नाही. आणि तिला स्वतःला व्हायचंय प्राण्यांची डॉक्टर.

शिक्क्याची काळजी सोडा हो. अ‍ॅडमिशनला बघतात ते परीक्षा कुठली दिली, विषय कुठले होते आणि मार्क किती. म्हणून त्या शाळेत सगळ्यात आधी हे विचारा की मुलं शेवटी कुठल्या बोर्डाची परीक्षा देतात आणि सायन्स-मॅथ्स शेवटपर्यंत शिकवता का. खरी गडबड इथेच होते. मुलांना त्रास नको म्हणून शाळा अवघड विषय सोडायला लावते, मार्क वाढतात, घरात सगळ्यांना हायसं वाटतं, आणि मग दोन-तीन वर्षांनी कळतं की हव्या त्या कोर्सला लागणारा विषयच घेतलेला नाही. व्हेटर्नरीला जायचं तर बायोलॉजी, केमिस्ट्री आणि बहुतेक ठिकाणी फिजिक्सही लागतं. जास्तीचा वेळ, सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा रायटर, प्रश्न वाचून दाखवणारं कुणीतरी, या सवलती बिनधास्त घ्या, त्यानं काही अडत नाही. विषय सोडायची सवलत मात्र दहादा विचार करून. आणि लॅब आहे का ते स्वतः जाऊन बघा, छोट्या शाळांमध्ये कितीदा तरी नुसतं एक कपाट असतं.

आता शाळेबद्दल. वर्ग छोटा आहे एवढ्यावर भाळू नका. आठच मुलं पण तेच फळ्यावरून उतरवून घेणं चालू असेल तर काय उपयोग? डिसलेक्सिया असलेल्या मुलांना आवाज आणि अक्षर यांचा संबंध अगदी उलगडून, पायरीपायरीने, ऐकून-बोलून-लिहून-गिरवून पुन्हा पुन्हा शिकवावा लागतो. ऑर्टन-गिलिंगहॅम म्हणून जी पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात सुरू झाली ती याच तत्त्वावर आहे आणि आजच्या बऱ्याच रेमेडियल पद्धती तिच्यातूनच आल्यात. हे काम खच्चून भरलेल्या वर्गात होत नाही, आठ जणांत होऊ शकतं, छोट्या वर्गाचा खरा फायदा तो. त्यामुळे एक तास मागे बसून बघू द्या म्हणा. वाचनाचा वेग आणि अचूकता दर किती महिन्यांनी मोजता, एखाद्या मुलाची नोंद नाव झाकून दाखवाल का, तेही विचारा. नुसतं ‘आमच्याकडे मुलं खूश असतात’ असं उत्तर आलं तर मी तरी सावध होईन. अजून एक, अशा शाळा कधी कधी एकाच चांगल्या स्पेशल एज्युकेटरवर चालतात, त्या सोडून गेल्या तर पुढे काय? आणि आधीची मुलं आता कुठे आहेत हे विचाराल तेव्हा टॉपरचं नको, मधल्या मुलांचं विचारा. काही शाळा मुळात दोन-तीन वर्षं तयारी करून परत नेहमीच्या शाळेत पाठवण्यासाठीच असतात, ही तशी आहे का तेही.

घरचे म्हणतात अशा मुलांनी चित्रकला-डिझाइनकडेच जावं. आमच्या करिअर सल्ल्याच्या धंद्यातलेही बरेच जण हेच सांगतात आणि मला त्याचा राग येतो. मुलीला चित्रकला आवडत असेल तर जरूर, पण वाचन हळू म्हणून सायन्स नाही हे कुठलं लॉजिक? शास्त्रज्ञ कॅरल ग्रायडर यांना डिसलेक्सिया, प्रवेशपरीक्षेचे मार्क कमी म्हणून पीएचडीसाठी बऱ्याच विद्यापीठांनी नाही म्हटलं, २००९ साली मेडिसिनचं नोबेल मिळालं. जॅक ड्यूबोशे यांनाही डिसलेक्सिया, २०१७ साली केमिस्ट्रीचं नोबेल. आता तुमच्या मुलीनं नोबेल आणावं असं कुणी म्हणत नाहीये, पण अडखळत वाचणारं माणूस सायन्स करू शकतं एवढं घरी सांगायला हे पुरेल.

शाळा कुठलीही घ्या, दोन गोष्टी या महिन्यातच सुरू करा. टायपिंग आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, कारण हात बसायला महिनोन्महिने जातात आणि परीक्षेच्या तोंडावर शिकलेलं टायपिंग हाताने लिहिण्यापेक्षाही हळू पडतं. दुसरं म्हणजे फाइल. असेसमेंट रिपोर्ट जुना झाला की पुष्कळ ठिकाणी नवा मागतात, शिवाय ही सवलत शाळेत आधीपासून वापरत होती का याचा पुरावाही मागतात, म्हणून घटक चाचणीपासून जे काही दिलं जाईल ते शाळेकडून लेखी घेत चला.

रोज रडतेय म्हणजे आत्ताची शाळा बदलायची हे माझ्या मते ठरल्यातच जमा आहे. नव्या शाळेत तिला आठवडाभर बसवता येतं का बघा आणि तिलाच विचारा. लॅब नसेल पण बाकी सगळं पटत असेल तर प्रॅक्टिकलसाठी दुसरीकडे सोय करता का, हे अ‍ॅडमिशनच्या आधी लिहून घ्या. नववी-दहावीच्या विषयांची यादी हातात आली की मला पाठवा, व्हेटर्नरीच्या अटींशी ताडून बघते आणि कळवते.