मुलीच्या शिक्षणाच्या ठेवीतून दुर्मीळ कादंबऱ्या घ्याव्यात का?

विलेपार्ल्याहून आलेले आपले पत्र मिळाले. आपले वय ५१, घराचे कर्ज फिटलेले, मुलगी नववीत, आणि तिच्या ब्रिटनमधील पदव्युत्तर शिक्षणासाठी राखलेली २० लाखांची मुदत ठेव येत्या महिन्यात हाती येणार आहे. त्यातून १४ लाख काढून लंडनच्या एका विक्रेत्याकडून दोन पुस्तके घ्यावीत आणि आठ वर्षांनी ती विकून शिक्षणाचा खर्च भागवावा, असा आपला बेत आहे. पहिले पुस्तक म्हणजे व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘टू द लाइटहाउस’ची होगार्थ प्रेसने १९२७ मध्ये काढलेली पहिली आवृत्ती, चित्रकार व्हनेसा बेल यांनी रेखाटलेल्या डस्ट जॅकेटसह (बांधणीवरच्या सुट्या कागदी वेष्टनासह), साडेदहा लाखांना, दुसरे म्हणजे जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ची लिमिटेड एडिशन्स क्लबची १९३५ ची सचित्र आवृत्ती, चित्रकार मातीस यांच्या स्वाक्षरीची, साडेतीन लाखांना. पत्नीचा या बेताला विरोध असल्याचेही आपण प्रांजळपणे कळवले आहे.

माझे मत पत्नीच्या बाजूने झुकते, मात्र पूर्णपणे नाही. ठेवीला हात लावू नये. दोहोंपैकी एक पुस्तक आपण घ्यावे, पण ते दरमहा उरणाऱ्या ३० हजारांतून आणि गुंतवणूक न मानता.

आधी हिशेब पाहू. पुस्तक विकायची वेळ येईल तेव्हा सर्वांत खुला मार्ग लिलावाचा. लिलावात ग्राहकाच्या खिशातून १०० रुपये गेले, तर त्यातले सुमारे २० रुपये लिलावगृह ग्राहकाकडून घेत असलेल्या अधिमूल्याचे असतात. उरलेल्या ८० वर विक्रेत्याकडून दहा टक्के दलाली धरली, तर आपल्या हाती ७२ पडतात. म्हणजे बाजारभाव जवळजवळ ३९ टक्क्यांनी चढला, तरच आपण घातलेली रक्कम परत मिळते. याउलट १४ लाख साडेसहा टक्के वार्षिक चक्रवाढीने ठेवले, तर आठ वर्षांनी करापूर्वी सुमारे २३ लाख होतात. तेवढीच रक्कम पुस्तकांतून हाती यायची असेल, तर त्यांचा भाव त्याच काळात २.३ पट, म्हणजे दरवर्षी ११ टक्क्यांनी वाढावा लागेल, आणि त्यात विमा, वाहतूक व देखभाल धरलेलीच नाही.

पुस्तकाची किंमत पौंडात असल्याने रुपया घसरला तर आपला फायदाच होईल, हा आपला मुद्दा रास्त आहे. रुपयाची घसरण डॉलरच्या भावात दिसते: २०१५ च्या सुमारास डॉलर ६४ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेला. मुलीची फीदेखील परकीय चलनातच भरायची आहे. तथापि, विद्यापीठाच्या फीची तारीख ठरलेली असते आणि लिलावाला पुस्तक स्वीकारले जाण्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत कित्येक महिने जातात, त्यातच राखीव किंमत (ज्याखाली विकायचे नाही असे आधी ठरवलेली रक्कम) न आल्यास पुस्तक तसेच परत येते. चलनाचा धोका सांभाळायचा असेल, तर परदेशी शेअर्समध्ये गुंतवणूक करणारा फंड थोड्या प्रमाणात घ्यावा. त्याचे युनिट विकायला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

वुल्फ यांच्या पुस्तकाबाबत मला विशेष काळजी वाटते. पहिल्या छपाईत ३,००० प्रती निघाल्या होत्या, त्यामुळे पुस्तक स्वतः फार दुर्मीळ नाही. किमतीचा मोठा वाटा त्या पातळ कागदी जॅकेटमध्ये आहे. जॅकेट मूळचे आहे की दुसऱ्या प्रतीवरून चढवलेले, कुठे डागडुजी किंवा रंगभरणी झाली आहे का, हे विक्रेत्याने लेखी दिले पाहिजे, आणि तो लंडनच्या अँटिक्वेरियन बुकसेलर्स असोसिएशनचा सदस्य असावा. पुढे पार्ल्याच्या घरात चार महिन्यांचा पावसाळा, बुरशी आणि कसर यांच्याशी त्या कागदाची गाठ आहे. बँकेचा लॉकर हा त्यावर उपाय नव्हे: तिथे हवा खेळत नाही, आणि बँकेच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले तरी तिची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरतीच आहे.

शिवाय १९२७ चे पुस्तक २०२७ मध्ये शंभर वर्षांचे होईल. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि हस्तलिखिते व दस्तऐवज यांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. इंग्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकाला हे लागू नाही असे आपण म्हणाल, आणि कदाचित ते ग्राह्यही धरले जाईल. पण तो वाद आपल्याला सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे, फी भरण्याच्या ऐन हंगामात घालावा लागेल. भारतात या पुस्तकांना तेवढी किंमत देणारे गिऱ्हाईक मिळणे कठीण, त्यामुळे ती विकायला परदेशीच पाठवावी लागतील, म्हणून आयातीची सर्व कागदपत्रे जपणे दोन्ही पुस्तकांसाठी आवश्यक आहे.

कराचे थोडक्यात सांगतो. वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तूंवरील नफा भांडवली नफ्यात धरत नाहीत, पण चित्रे, रेखाचित्रे आणि कलाकृती यांना ही सूट नाही. ‘युलिसिस’च्या या आवृत्तीत मातीस यांची सहा एचिंग (धातूच्या पत्र्यावर रेखाटून त्यावरून छापलेली चित्रे) असल्याने ती कलाकृती ठरण्याचा संभव आहे; तसे झाल्यास २४ महिन्यांनंतरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर धरावा.

तरीही घ्यायचेच तर मी हेच पुस्तक सुचवीन. १,५०० प्रतींच्या या आवृत्तीत जॉइस यांनी केवळ सुमारे २५० प्रतींवर सही केली, म्हणून फक्त मातीस यांच्या सहीची प्रत तुलनेने आवाक्यात राहिली आहे. मातीस यांनी चित्रांचे विषय कादंबरीतून न घेता होमरच्या ‘ओडिसी’तून घेतले, ही गंमत आपल्यासारख्या वाचकाला साडेतीन लाखांची वाटत असेल, तर त्यावर माझा आक्षेप नाही. दरमहा ३० हजार बाजूला ठेवल्यास वर्षभरात रक्कम जमते. तोवर मराठी आधुनिक कादंबरीकडेही वळून पाहावे. ‘रणांगण’ची १९३९ ची किंवा ‘कोसला’ची १९६३ ची पहिली आवृत्ती शोधण्यात संग्राहकाला तितकाच आनंद आहे.

२० लाखांपैकी १५ लाख पुन्हा मुदत ठेवीत, पण एकाच पावतीत न ठेवता शेवटच्या तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मुदत संपेल अशा बेताने ठेवावेत, आणि उरलेले पाच लाख वर सांगितलेल्या फंडात दरमहा थोडे थोडे करून दीड वर्षात गुंतवावेत. लंडनच्या विक्रेत्याला अद्याप आगाऊ रक्कम दिली नसल्यास ती देऊ नये. दिली असल्यास ती ‘युलिसिस’च्या किमतीत वळती करून घेण्याची विनंती आजच ईमेलने करावी.