तळ्यातली रेल्वेची आगबोट

प्रश्न : न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनला कोळशावर चालणारी ‘अर्नस्लॉ’ बोट आहे. ती मूळची रेल्वेची, असं कळलं. रेल्वेला बोट कशाला हवी होती? आणि डोंगरातल्या तलावात ती नेली कशी?

उत्तर : वाकाटिपू तलावाच्या दक्षिण टोकाला किंग्स्टन आहे. १८७८ साली रूळ तिथवर आले आणि तिथेच थांबले. पुढे क्वीन्सटाउनच्या बाजूला डोंगरकडे थेट पाण्यात उतरतात. मोटाररस्ता झाला तो १९३६ साली. तोवर उतारू, टपाल, लोकर, मेंढ्या सगळं बोटीनेच जायचं. तलाव म्हणजे लोहमार्गाचाच पुढचा टप्पा, म्हणून १९०२ मध्ये रेल्वेने तिथल्या खासगी कंपनीच्या बोटी घेतल्या. त्या अपुऱ्या पडल्यावर ‘अर्नस्लॉ’ बांधायला दिली. ड्युनेडिन शहरातल्या जॉन मॅकग्रेगर कंपनीने २०,८५० पौंडांना ते काम घेतलं. १,०३५ उतारू किंवा दीड हजार मेंढ्या नेणारी ही बोट होती.

तलावातून निघणारी कावाराऊ नदी वेगवान आणि खडकाळ, तेव्हा समुद्रातून बोट वर आणणं शक्यच नव्हतं. म्हणून ड्युनेडिनला ती उभी करून पुन्हा सुटी केली, पाव इंची पोलादी पत्र्यांवर क्रमांक घातले आणि मालगाडीने किंग्स्टनला नेऊन जोडली. या कामात सगळी भिस्त क्रमांकांवर असते. पत्र्याची रिव्हेटची (पत्रे जोडणाऱ्या जाड खिळ्यांची) भोकं शेजारच्या पत्र्याशी आणि बोटीच्या सांगाड्याच्या फासळीशी जुळवलेली असतात. अदलाबदल झाली की भोकं सरकतात, ओढूनताणून बसवलेला रिव्हेट सैल राहतो आणि सांधा गळतो. शिवाय तिथल्या दोन रुळांमधलं अंतर ३ फूट ६ इंचच, त्यामुळे तुकडे किती मोठे ठेवायचे यालाही मर्यादा. २४ फेब्रुवारी १९१२ ला बोट पाण्यात उतरली आणि १८ ऑक्टोबरला क्वीन्सटाउनच्या पहिल्या फेरीला निघाली.

प्रश्न : नावाआधीचं ‘टीएसएस’ म्हणजे काय? ती तासाला टनभर कोळसा खाते, हे खरं का?

उत्तर : ‘ट्विन स्क्रू स्टीमर’, म्हणजे पाण्याखाली फिरून बोट ढकलणाऱ्या दोन पंख्यांची आगबोट. प्रत्येक पंख्याला स्वतंत्र ५०० अश्वशक्तीचं इंजिन आहे. वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये जाते, मग मधल्या, शेवटी सर्वांत मोठ्या. दर टप्प्याला दाब उतरतो, म्हणून तेवढाच रेटा मिळवायला दट्ट्या मोठा लागतो. दोन पंख्यांचा खरा फायदा धक्क्याला लागताना कळतो : एक पुढे, दुसरा मागे फिरवला की बोट जवळजवळ जागच्या जागी वळते.

टनभर कोळसा, हे खरंच आहे. बॉयलर दोन, तेही रेल्वे इंजिनाच्या धर्तीचे. कोळसा भट्टीतल्या जाळीवर पातळ आणि सारखा पसरावा लागतो. ढीग पडला की हवा अडते, काळा धूर निघतो, राख वितळून जाळीला चिकटते आणि दाब पडतो. भट्टीचं दार फार वेळ उघडं ठेवलं तर थंड हवा शिरूनही दाब पडतो. सर्वांत मोठा धोका पाणी कमी होण्याचा. भट्टीच्या माथ्यावरचा पत्रा पाण्याबाहेर आला तर तापून मऊ होतो आणि दाबाने फाटतो. म्हणून बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवरची नजर हलता कामा नये.

१९६८ साली रेल्वेने तिचं काम थांबवलं तेव्हा ती भंगारातच जायची. फियॉर्डलँड ट्रॅव्हल या पर्यटन कंपनीने १९६९ ला भाड्याने आणि १९८२ ला विकत घेतल्यामुळे वाचली. बोटीवर गेलात तर इंजिनखोलीवरच्या पुलावरून चालती यंत्रं जरूर पाहा. हे दृश्य आता जगात फार थोड्या ठिकाणी उरलं आहे.

प्रश्न : आपल्याकडे रेल्वेच्या आगबोटी होत्या का?

उत्तर : होत्या. १९१४ पासून धनुष्कोडी ते श्रीलंकेतल्या तलैमन्नारपर्यंत ‘बोट मेल’ या रेल्वेगाडीच्या उतारूंना आगबोट नेत असे. ‘आयर्विन’ आणि ‘गोशेन’ ही त्यातली दोन नावं. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झालं. मुंबईहून कोकण-गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी मात्र रेल्वेच्या नव्हत्या. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनसारख्या कंपन्या त्या चालवत.