पहिलं पाऊल जमिनीवर टेकताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं तळपायाबद्दलची आहेत. त्यातली तीन घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तशी दुखरी टाच घेऊन माझ्या फोंड्याच्या दवाखान्यात आठवड्याला दोघं-तिघं तरी येतातच.

प्रश्न : मी गोव्यातल्या साखळी गावात खानावळ चालवते. वय ४८. पाच महिने झाले, डाव्या पायाची टाच आतल्या बाजूने इतकी दुखते, की पहाटे उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना भिंत धरावी लागते. दहा-पंधरा पावलं चालले की जरा सैल होतं. दुपारची गिऱ्हाइकं आवरून पाच मिनिटं टेकले आणि पुन्हा उठले, की तेच. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. एका ठिकाणी इंजेक्शन घ्या म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी ऑपरेशनचं बोलले. शेजारीण म्हणते, तापवलेल्या विटेवर रुईची पानं ठेवून शेक घे. हाड कापावं लागेल का? खानावळ बंद ठेवणं मला परवडणार नाही.

उत्तर : ताई, हाड कापावं लागणार नाही. आधी ती भीती मनातून काढा.

एक्स-रेत दिसणारी वाढलेल्या हाडाची ती चोच पुष्कळ लोकांच्या टाचेत असते, आणि त्यातल्या कित्येकांची टाच आयुष्यात कधी दुखलेली नसते. उलट टाच दुखून बेजार झालेल्या अनेकांच्या एक्स-रेत चोच नसतेच. ती मांसात टोचते म्हणून दुखतं, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसली आहे. एक्स-रे पाहून रुग्ण घाबरतो, टाच टेकवायचं सोडून देतो आणि दुखणं आणखी लांबतं.

तुमचं दुखणं आहे ते हाडाला चिकटलेल्या पडद्याचं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याच्या कातडीखाली एक जाड, चिवट पडदा असतो. धनुष्याच्या दोरीसारखा तो पायाची कमान ताणून धरतो. टाचेला आतल्या बाजूने तो जिथे जोडलेला असतो, तिथे वर्षानुवर्षं ताण पडून त्याचे धागे झिजतात. याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. नावावरून नुसती सूज वाटते, पण जुन्या दुखण्यात सुजेपेक्षा झीजच जास्त असते. म्हणून दुखणं थांबवणाऱ्या गोळीने चार दिवस बरं वाटतं आणि मग जैसे थे.

पहिलंच पाऊल का दुखतं? झोपेत आपला पाय खाली झुकलेला असतो. पोटरी आणि हा पडदा रात्रभर आखडलेल्या स्थितीत राहतात. उठून उभं राहिलात, की सगळं वजन त्या आखडलेल्या पडद्यावर एकदम येतं. दुपारी टेकून उठल्यावर होतं तेही हेच. हे लक्षण इतकं बोलकं आहे, की बहुतेक वेळा निदानाला एक्स-रेचीही गरज पडत नाही. टाचेच्या आतल्या कडेला अंगठ्याने दाबलं आणि माणूस कळवळला, की कळतं.

आता तुमच्या फरशीबद्दल. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला खात्री आहे की स्वयंपाकघरात तुम्ही अनवाणी असता. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात जमीन शेणाने सारवलेली होती. माझी आई त्या जमिनीवर जन्मभर अनवाणी वावरली, तिची टाच कधी दुखली नाही. आता गोव्यातल्या घराघरांत टाइल्स आल्या, ग्रॅनाइट आलं. पाय तेच, जमीन मात्र दगडाची झाली. २०२०च्या टाळेबंदीत मी घरी टाइल्सवर दिवसभर अनवाणी फिरत होते. तिसऱ्या महिन्यात माझीही उजवी टाच पहाटे ओरडू लागली. ती पूर्ण शांत व्हायला सात महिने गेले. म्हणून आज मी घरात चपलांशिवाय पाऊल टाकत नाही, आणि माझ्या रुग्णांनाही तेच सांगते. देवघरापुरत्या काढा, स्वयंपाकघरात घाला. स्वयंपाकघरात चपला म्हटलं की घरातली मोठी माणसं नाराज होतात, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी एक वेगळा, स्वच्छ जोड ठेवा, जो उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

चपला पातळ, सपाट रबराच्या नकोत. कमानीला खालून आधार हवा, टाचेखाली जरा उंची हवी, आणि दोन्ही टोकं धरून वाकवल्यावर मधोमध दुमडणार नाही इतका तळ घट्ट हवा. चुलीपुढे उभ्या असता तिथे जाड रबरी चटई टाका. हुमण, म्हणजे माशांची आमटी, उकळेपर्यंत उभंच राहायला हवं असं नाही. एक उंच स्टूल ठेवा आणि नारळ किसणं, कांदा चिरणं त्यावर बसून करा.

आता खरा उपचार. अंथरुणातून पाय खाली सोडण्याआधीच तो सुरू करायचा. डावा पाय उजव्या मांडीवर घ्या. डाव्या हाताने पायाची बोटं धरून नडगीच्या दिशेने मागे ओढा. उजव्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपला तर ताणलेली दोरी बोटाला लागेल. ती लागली, तरच ताण बरोबर आहे. दहा आकडे मोजा आणि सोडा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, आणि दुपारी टेकल्यावर उठण्याआधी तर नक्कीच. मग भिंतीला हात लावून डावा पाय मागे ठेवा, गुडघा सरळ, टाच जमिनीला, आणि पोटरीत ओढ येईपर्यंत पुढे झुका. तीस सेकंद, तीन वेळा. पोटरी आखडलेली राहिली तर तळवा कधीच सुटत नाही. लोक नेमका हाच भाग गाळतात.

दोन आठवड्यांनी ताकदीचा व्यायाम जोडा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, हात कठड्यावर. तीन आकड्यांत टाचा वर, दोन आकडे थांबा, तीन आकड्यांत खाली. बारा वेळा करून विसावा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी पहाटेचं दुखणं वाढलं, तर फेरे कमी करा.

रात्री खानावळ बंद झाल्यावर फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा. विटेच्या शेकाने स्नायू सैल होऊन बरं वाटतं, त्याला माझा विरोध नाही. पडदा मात्र त्याने बरा होत नाही. आणि तुम्हाला मधुमेह असेल तर वीट अजिबात नको. त्याचं कारण पुढच्या उत्तरात येईल.

इंजेक्शनचं म्हणाल, तर स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे चांगला आराम पडतो. पण ते पुन्हा पुन्हा घेतलं, तर टाचेखालची चरबीची गादी झिजते आणि क्वचित पडदाच फाटतो. म्हणून निदान तीन महिने व्यायाम नेमाने केल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही. ऑपरेशनची पाळी फारच थोड्यांवर येते. बहुतेकांची टाच वर्षाच्या आत बरी होते. वर्ष हा शब्द ऐकून खचू नका, पहाटेचं पाऊल त्याच्या पुष्कळ आधी हलकं होतं. वजन जास्त असेल तर चार-पाच किलो उतरल्यानेही पायाला फरक कळतो.

टाचेत कट्‌कन आवाज होऊन पाऊल टाकताच येईना, तळवा सुजला, ताप आला, किंवा निजल्यावरही टाच ठणकत राहिली, तर मात्र वाट पाहू नका. थेट डॉक्टरांकडे या.

प्रश्न : मी पेडण्याचा. बस चालवायचो, आता निवृत्त. वय ६६, मधुमेह १४ वर्षांचा. रात्री दोन्ही तळव्यांची आग होते, चादरीचा स्पर्श सोसत नाही. सकाळी चालताना कापसावर पाय पडतोय असं वाटतं. बायको काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासते, वाटीखाली काळं येतं. उष्णता बाहेर पडते म्हणतात. हे चालू ठेवू का?

उत्तर : काका, वहिनींच्या हाताने आराम पडतो ना? मग चालू ठेवा, फक्त कातडी फाटलेली नसेल तेव्हा. ते काळं म्हणजे उष्णता नव्हे. काशातला तांब्याचा अंश तूप आणि घामाशी मिळून तसा रंग येतो.

तुमच्या पत्रातल्या आगीपेक्षा मला त्या कापसाची जास्त काळजी वाटते. साखरेने तळव्याच्या नसा खराब होऊ लागल्या आहेत. अशा पायाला टोचलेलं, भाजलेलं कळत नाही. तापलेली वीट, गरम पाण्याचं घमेलं, उन्हाळ्यात दुपारी देवळाचं तापलेलं अंगण, यांनी तळव्याला फोड येतात आणि माणसाला ते दुसऱ्या दिवशी मोजा काढताना दिसतात. मंगेशीला, कवळ्याला जरूर जा, पण सकाळी लवकर जा आणि जाड मोजे घाला. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत), काजूच्या बागेत अनवाणी एक पाऊलही नको. पायातून चप्पल निसटली तरी बधिर पायाला कळत नाही, म्हणून मागे पट्टा असलेली आणि एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या) रबराची मऊ गादी असलेली चप्पल घ्या. ती संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात.

रोज झोपताना आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे पाहा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. वाकता येत नसेल तर वहिनी पाहतील. कुरूप असेल तर ब्लेडने कापू नका, त्यावरच्या औषधी पट्ट्याही लावू नका. त्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. लहानशी जखम दोन दिवसांत सुकली नाही, तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा. पाय कापण्यापर्यंत गेलेल्या माणसांची सुरुवात अशाच जखमेने झालेली मी पाहिली आहे, आणि त्यातले बहुतेक पाय वेळेवर आले असते तर वाचले असते.

डॉक्टरांकडून बारीक नायलॉनच्या तंतूने आणि कंप पावणाऱ्या धातूच्या काट्याने (ट्यूनिंग फोर्कने) तळव्याची संवेदना तपासून घ्या. ही तपासणी वर्षातून एकदा तरी झालीच पाहिजे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची पातळीही पाहा. ती गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्यानेही तळवे असेच जळतात. आगीवर नसांची वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टर देतील. दुकानातून नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. या आगीवर त्यांचा उपयोग फारसा होत नाही आणि मधुमेहात मूत्रपिंडाला मात्र त्रास होतो.

प्रश्न : वय २६, वास्कोत नोकरी. वर्षभर दोन्ही टाचा दुखतात. सकाळी कंबर तासभर ताठ असते, चाललं की सुटते. पहाटे तीन-चारला कंबरदुखीने जाग येते. चांगले बूट घेतले, फरक नाही.

उत्तर : तुमची टाच बुटाने बरी होणार नाही. तरुण वय, दोन्ही टाचा, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी, पहाटेची जाग. हे सगळं एकत्र आलं, की मी मणक्याच्या संधिवाताचा विचार करते. त्यात स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतात तिथे सूज येते, आणि टाच ही तशी मोठी जागा. संधिवात तज्ज्ञांना दाखवा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) गेलात, तर कंबरेचं दुखणं आधी सांगा, टाचेचं नंतर. नाहीतर तपासणी टाचेपाशीच थांबेल. रक्ताची एचएलए-बी२७ तपासणी आणि कंबरेच्या सांध्यांचा एमआरआय लागू शकतो. डोळा लाल होऊन दुखला असेल, कातडीवर सोरायसिस असेल, घरात कुणाला असाच त्रास असेल, तर तेही सांगा. यावर आज चांगली औषधं आहेत, आणि ती लवकर सुरू झाली तर पाठीचा कणा वाकण्याची वेळ सहसा येत नाही. याच महिन्यात जा.