घर तपासणीच्या दरांत एवढी तफावत का असते?

नाशिकमधील पाथर्डी फाट्याजवळचा १८ वर्षे जुना, ६८० चौरस फूट चटई क्षेत्राचा (म्हणजे आतील वापरण्याजोग्या जागेचा) टू बीएचके फ्लॅट आपण रीसेलमध्ये घेत आहात आणि त्याच्या तपासणीसाठी ३,५०० रुपये, ७,५०० रुपये अधिक जीएसटी आणि १६,००० रुपये असे तीन दर आपल्याला मिळाले आहेत. हे तिघेही एकच काम करणार आहेत असे धरून चालल्यास या तफावतीचा उलगडा होणार नाही. त्यामुळे आधी प्रत्येकाकडून कामाची व्याप्ती लेखी मागवावी.

३,५०० रुपयांत बहुधा एखादा स्थापत्य अभियंता येऊन तासाभर नजरेने पाहणी करील आणि दोन पानांचे पत्र देईल. याला कमी लेखू नये; प्लास्टर वाळताना पडलेली केसाएवढी चीर कोणती आणि कॉलमच्या कोपऱ्यात, आतल्या गंजलेल्या सळईच्या रेषेत उतरलेली उभी भेग कोणती, हे जाणत्या नजरेला उपकरणाशिवायही कळते. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला सहसा जीएसटी नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे त्याच्या बिलात कर नसतो. उलट दुसऱ्या दरावर १८ टक्के कर धरल्यास प्रत्यक्षात ८,८५० रुपये मोजावे लागतील.

दुसऱ्या दरात वेळ आणि उपकरणे आली. दोन माणसे अर्धा दिवस थांबतात, ओलावा मोजायचे मीटर भिंतीला लावतात, प्रत्येक सॉकेटचे अर्थिंग पाहतात, विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या ईएलसीबीचे टेस्ट बटण दाबून ती खरोखर पडते का ते बघतात. बाथरूमवर सर्वाधिक वेळ जातो आणि तो जायलाच हवा. टाइल्सवर हलके ठोकत गेल्यास पोकळ आवाज येणारी जागा लगेच कळते. बादलीभर पाणी ओतल्यावर ते नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जाणाऱ्या जाळीकडे, वळते की दाराच्या चौकटीकडे, यावरून उताराचा अंदाज येतो. मात्र बाथरूमची गळती आपल्या फ्लॅटमध्ये दिसत नाही, ती खालच्या घराच्या छताला दिसते. तेथे जाऊन पाहणे या दरात धरले आहे का, हा प्रश्न जरूर विचारावा, कारण पुष्कळदा ते धरलेले नसते.

दर चौरस फुटावर असेल तर कोणते क्षेत्रफळ धरले आहे, हेही स्पष्ट करून घ्यावे. समजा दर १० रुपये आहे. ६८० चटई क्षेत्रावर ६,८०० रुपये होतील आणि विक्रीच्या जाहिरातीतील ९५० चौरस फुटांवर तेच काम ९,५०० रुपयांचे होईल. पुण्या-मुंबईहून माणूस येणार असेल तर प्रवासखर्च त्यात मिळवलेला असतो. त्याच दिवशी शहरातील दुसरे घरही पाहायचे असल्यास तो विभागून घ्यायला बहुतेक जण तयार होतात.

१६,००० रुपयांच्या प्रस्तावात काँक्रीटचा दर्जा तपासणारी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी असावी असे वाटते. या चाचण्यांचे पैसे सहसा पॉइंटप्रमाणे लागतात, चाचणीच्या जागेवरचे प्लास्टर काढून ते पुन्हा करावे लागते, आणि आपण अजून मालक नसताना विक्रेता व सोसायटी त्यास परवानगी देतील असे मला वाटत नाही. शिवाय कॉलम-बीम संपूर्ण इमारतीचे असतात. एका फ्लॅटमधील चार पॉइंटवरून इमारतीचा निर्वाळा देता येत नाही. ते काम स्ट्रक्चरल ऑडिटचे, म्हणजे संपूर्ण इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५ अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींना ते करून घ्यावे लागते आणि त्याचा खर्च सोसायटी उचलते. आपली इमारत अजून त्या वयाची नाही.

नव्या फ्लॅटचा हिशेब वेगळा आहे. तेथे ताब्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातील दोष रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात, म्हणून फोटोंसह सविस्तर दोषयादीला जास्त पैसे देणे परवडते.

ऋतूचाही विचार करावा. एप्रिल-मे महिन्यांत, त्यातही नुकताच रंग दिलेला असेल, तर पश्चिमेच्या भिंतीवर मीटर कोरडेच आकडे दाखवील. जुलै-ऑगस्टच्या झडीनंतर तीच भिंत वेगळे सांगेल. थर्मल कॅमेऱ्याची भुरळ पडू देऊ नये. तो भिंतीतील पाणी पाहत नाही, केवळ पृष्ठभागाच्या तापमानातील फरक दाखवतो, आणि संशयित जागी मीटर लावून खात्री केली नसेल तर अहवालातील त्या रंगीत चित्रांना फारसा अर्थ उरत नाही.

आपल्या जागी मी दुसरा प्रस्ताव घेईन, त्यात खालच्या फ्लॅटचे छत आणि वरची गच्ची लेखी समाविष्ट करून घेईन, आणि नावगाव झाकलेला एखादा जुना अहवाल नमुन्यादाखल मागेन. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणून ही तपासणी टाळू नये. तो कर्जासाठी बाजारमूल्य ठरवतो, न्हाणीघरात पाणी ओतून पाहत नाही. तपासणी साठेखतापूर्वी, म्हणजे विक्रीचा करार होण्यापूर्वी, व्हावी, आणि विसार पावती करायचीच असेल तर गंभीर दोष आढळल्यास रक्कम परत मिळेल, अशी अट तीत घालून घ्यावी.