ओटीजीमध्ये दोन तास भाजूनही पुल्ड पोर्क चिवटच झालं, कुठे चुकलं?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: पुल्ड पोर्कसाठी, म्हणजे काट्याने ओढून धागे सुटतील इतकं मऊ भाजायच्या डुकराच्या मांसासाठी, दोन किलोचा बोनलेस तुकडा, पुण्यातल्या घरचा ओटीजी (टेबलावरचा छोटा विजेचा ओव्हन), १८० अंश सेल्सियस आणि दोन तास. थर्मामीटर आत ८० दाखवायला लागला म्हणून बाहेर काढलंत, काट्याने ओढायला गेलात तर धागे सुटेनात, आणि वर मांस कोरडं. पुढच्या वेळी वेळ कमी करू का, असं विचारलंय.

कमी करू नका, वाढवा. तुमचं मांस जास्त शिजलेलं नव्हतं. ते अजून व्हायचं होतं.

८० अंशांवर पोर्क खायला सुरक्षित असतं, त्यात शंका नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या हिशेबाने अख्ख्या तुकड्याला ६३ अंश आणि त्यावर तीन मिनिटांचा विसावा पुरतो. पण पुल्ड पोर्कच्या दृष्टीने ८० हा मधला, सगळ्यात वाईट टप्पा आहे. मांसाचे धागे ६०-६५ अंशांपासूनच आवळायला लागतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. त्या धाग्यांना एकत्र बांधून ठेवणारे पांढरे पडदे आणि शिरा, म्हणजे कोलॅजन, मात्र ७० च्या पुढे कुठे हळूहळू सुटायला लागतं, आणि ८५ ओलांडल्यावर खरं विरघळतं. विरघळलं की त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप रात्री फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी थिजून थरथरतं ना, तेच हे. पाणी गमावलेल्या धाग्यांना हे जिलेटिन आणि वितळलेली चरबी मिळून माखतात, आणि म्हणून तोंडात मांस रसाळ लागतं. तुम्ही तुकडा काढलात तेव्हा पाणी गेलेलं होतं आणि जिलेटिन अजून आलेलं नव्हतं. दोन्हीकडून तोटा.

मी हे इतक्या खात्रीने सांगतेय, कारण माझ्या हातून नेमकं हेच झालंय. मी वसईची. आमच्याकडे नाताळला आणि लग्नात पोर्क असतंच. आजी उन्हाळ्यात मसाला कुटून बिअरच्या काळ्या बाटल्यांत दाबून भरायची आणि त्याच मसाल्यात इंद्याल, म्हणजे तिखट-आंबट पोर्क, करायची. पण तिथे मांसाचे लहान लहान तुकडे, भरपूर शिरका (व्हिनेगर), मंद चूल, आणि दीड-दोन तासांत काम होतं. बारा वर्षांपूर्वी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यात राहायला आले तेव्हा पोर्क मला येतं असंच मी धरून चालले होते. पहिल्यांदा अख्खा खांदा आणला, सकाळी ओव्हनमध्ये टाकला, संध्याकाळी आत ८२ दिसलं आणि आता सुकेल या भीतीने काढून ठेवला. शेजारचे आजोबा राज्याच्या पूर्व भागात वाढलेले. तिकडे सिमेंटच्या ठोकळ्यांची भट्टी रचून, ओक आणि हिकरीच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर अख्खं डुक्कर भाजतात. ते आले, काटा मांसात रोवला आणि चावी फिरवावी तसा मनगटाने फिरवला. काटा फिरलाच नाही, अख्खा तुकडा ताटात गोल फिरला. ते एवढंच म्हणाले, ‘हे झालेलं नाही, परत आत ठेव.’ मी ठेवलं. रात्री अकराच्या सुमाराला परत काटा लावला तेव्हा तो लोण्यातून फिरावा तसा फिरला. फऱ्याचं चपटं हाड चिमटीत धरून ओढलं तर अलगद बाहेर आलं, धुवून पुसल्यासारखं पांढरं, एक धागाही त्याला चिकटलेला नाही. त्या रात्रीपासून मी घड्याळाकडे बघून पोर्क काढत नाही.

आता तुकड्याबद्दल. ‘बोनलेस’ एवढंच सांगितलंत तर दुकानदार बहुतेक वेळा पाठीचा नाहीतर मांडीचा तुकडा देतो, कारण तो दिसायला साफ आणि चरबी कमी. तो आठ तास शिजवलात तरी मऊ होणार नाही, कारण त्यात विरघळायला फारसं काही नसतं. तुम्हाला हवा पुढचा खांदा, त्यातही मानेकडचा वरचा भाग. इथे त्याला बॉस्टन बट म्हणतात. नावावरून मागचा भाग वाटतो, पण तो खांदाच आहे. कापलेल्या बाजूला बघा: लाल मांसातून पांढऱ्या चरबीच्या रेघा आडव्यातिडव्या गेलेल्या दिसल्या पाहिजेत. पुण्यात अख्खा खांदा मिळाला नाही तर ‘पोर्क नेक’ मागा, तोही चांगला होतो. हाडासकट मिळाला तर हाडासकटच घ्या, हाड सुटणं ही सगळ्यात भरवशाची खूण आहे. आणि वजनाचा हिशेब आधी करा. पाणी, चरबी आणि हाड जाऊन शेवटी निम्म्याच्या आसपास मांस हातात येतं. दोन किलोत सहा-सात जण व्यवस्थित जेवतील, दहा नाही.

आदल्या रात्री मीठ लावा. किलोला १५ ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. मीठ एवढ्या जाड तुकड्यात एका रात्रीत फार खोल जात नाही, पण गेलं तेवढं पाणी धरून ठेवायला मदत करतं. सकाळी वरून मसाला चोळा: काश्मिरी मिरची पूड, भरड मिरी, गूळ पावडर किंवा ब्राउन शुगर, थोडी मोहरीची पूड, लसूण पावडर. इथल्या लोकांसारखा धूर घरात करता येत नाही, त्यासाठी स्मोक्ड पॅप्रिका (धुरावलेली मिरची पूड) मिळाली तर एक चमचा घाला. मी बाटलीतला धुराचा अर्क वापरत नाही, त्याची चव मागाहून कडवट येते. वसईचा बाटली मसाला घालून एकदा केलं होतं. चांगलं झालं, पण मग ते इंद्यालच लागतं. तो स्वतंत्र पदार्थ आहे आणि त्याला त्याच्या पद्धतीनेच केलेलं बरं.

ओटीजी १२० अंशांवर ठेवा. ओटीजीची चकती जे दाखवते ते आत असतंच असं नाही, म्हणून आत ठेवायचा स्वस्तातला ओव्हन थर्मामीटर घ्या. मांस सगळ्यात खालच्या जाळीवर, खोलगट ट्रेमध्ये, आणि वरचा रॉड बंद करता येत असेल तर बंद. लहान ओटीजीत वरचा रॉड मांसापासून चार बोटांवर असतो आणि आतलं कच्चं असतानाच वर करपवतो. तुमचं वरून सुकलं त्यात १८० अंशांइतकाच या रॉडचाही हात असणार. पहिले तीन-चार तास झाकू नका, ट्रेमध्ये पाणीही घालू नका. वरचा थर गडद तपकिरी, कोरडा, बोटाने दाबला तर कडक लागला पाहिजे. नंतर सगळं मांस मिसळाल तेव्हा अर्धी चव याच सालीतून येते.

मग येतो तो टप्पा, जिथे बहुतेक लोक घाबरतात. आतलं तापमान ६५-७० पर्यंत व्यवस्थित चढतं आणि तिथेच थांबतं. तासभर, दोन तास, कधी तीन तास थर्मामीटर हलत नाही. ओव्हन बिघडला असं वाटतं, मग लोक तापमान वाढवतात किंवा कंटाळून मांस काढतात. ओव्हन बिघडलेला नसतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं, तेच कारण इथे आहे. मांसातून पाणी झिरपून पृष्ठभागावर येतं, वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. ओव्हन जेवढी उष्णता देतो तेवढी ही वाफ काढून घेते. पृष्ठभाग सुकत आला की तापमान आपोआप पुन्हा चढायला लागतं. इथले जुने लोक नुसती वाट बघतात. घरी मात्र उपाय सोपा आहे. साल हवी तशी झाली की तुकडा फॉइलच्या दोन थरांत घट्ट गुंडाळा, वाफेला उडायला जागा ठेवू नका, आणि परत आत ठेवा. माठाला बाहेरून प्लास्टिक गुंडाळलं तर पाणी गार होणार नाही, तसंच. साल थोडी मऊ पडते हे खरं, पण तुमच्याकडे एकच ओटीजी आणि संध्याकाळी पाहुणे असतील तर गुंडाळाच. ओटीजीचा टायमर एकाच तासाचा असेल तर दर तासाला फिरवायला विसरू नका. वीज गेली तरी घाबरू नका, फॉइलमधला तुकडा बराच वेळ गरम राहतो. दार तेवढं उघडू नका.

दोन किलोला एकूण सहा ते आठ तास धरा. ९० अंशांनंतर दर वीस मिनिटांनी काटा लावून बघा. बहुतेक तुकडे ९३ ते ९६ च्या दरम्यान होतात, पण एखादा ९१ ला होतो आणि एखादा ९८ ला. आकडा फक्त कधी तपासायला लागायचं ते सांगतो. झालं की नाही ते काटाच सांगतो: रोवा, फिरवा, अडला तर परत आत.

काढल्यावर लगेच ओढू नका. फॉइलसकट जुन्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळून एखाद्या मोठ्या पातेल्यात झाकून ठेवा, कमीत कमी तासभर. दोन-तीन तास राहिलं तरी गरम राहतं, त्यामुळे पाहुण्यांच्या वेळेच्या आधीच शिजवून ठेवता येतं. आतलं तापमान ७० च्या आसपास उतरलं की उघडा. फॉइलमध्ये साठलेला रस अजिबात टाकू नका. तो उभट भांड्यात ओता, वर तरंगणारी चरबी चमच्याने काढा, खालचा तपकिरी रस बाजूला ठेवा.

ओढताना दोन काटे घ्या, किंवा स्वच्छ हातमोजे घालून बोटांनीच करा. मला हातच आवडतात, कारण न विरघळलेल्या चरबीच्या गाठी बोटांना कळतात आणि काढून टाकता येतात. धागे फार बारीक करू नका. बोटाएवढे लांब, जाडसर राहू द्या, बारीक केले की भुसा होतो आणि पाच मिनिटांत सुकतो. सालीचे तुकडे सुरीने चिरून त्यात परत मिसळा, बाजूला ठेवलेला रस थोडा थोडा घालत वरखाली करा. मीठ इथे परत चाखून बघा.

सॉसच्या बाबतीत या राज्यात दोन तट आहेत आणि दोघेही आपल्या बाजूने अगदी ठाम. पूर्वेला अख्ख्या डुकराच्या मांसावर नुसतं व्हिनेगर, मिरची, मीठ. टोमॅटोचा थेंबही नाही. पश्चिमेकडे लेक्सिंग्टन गावाच्या पद्धतीत फक्त खांदा भाजतात आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप घालतात. शेजारची साउथ कॅरोलिना पिवळ्या मोहरीच्या सॉससाठी ओळखली जाते. दुकानात मिळणारा तो दाट, गोड, काळपट बार्बेक्यू सॉस मी घालत नाही. आठ तासांनी आलेली चव तो झाकून टाकतो. मी पूर्वेकडची आहे असं समजा: २०० मिली अॅपल सायडर व्हिनेगर, एक मोठा चमचा चिली फ्लेक्स, एक मोठा चमचा साखर, एक चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा मिरी, बाटलीत घालून हलवायचं आणि आदल्या दिवशीच करून ठेवायचं. गोव्याहून आणलेलं माडाचं व्हिनेगर घरात असेल तर ते याहूनही छान लागतं. पोर्कची चरबी कापायला आंबट हवं हे आपल्या किनाऱ्यालाही पूर्वीपासून माहीत आहे. साधं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर फार उग्र असतं, तेच असेल तर निम्मं पाणी घाला. सॉस मांसात थोडासाच मिसळा, बाकी ज्याने त्याने वरून घ्यावा.

पुण्यात ताज्या पावासारखी गोष्ट हाताशी असताना गोडसर बर्गर बन शोधत बसू नका. पाव तव्यावर शेका, त्यात मांस, वर बारीक चिरलेला कोबी, त्यावर चमचाभर तोच सॉस. इथेही कोबी सँडविचच्या आतच घालतात.

कुकरबद्दलही तुम्ही शेवटी विचारलंय. चालतो. खांद्याचे मोठे चार तुकडे, वाटीभर पाणी, शिट्टी आल्यावर मंद आचेवर तास-सव्वा तास. धागे नक्की सुटतील. पण साल नाही आणि भाजल्याचा वास नाही. म्हणून आधी ओटीजीत २०० अंशांवर अर्धा तास रंग आणून मग कुकरला लावा. रोजच्या जेवणाला मी हेच करते. पाहुण्यांसाठी नाही.

उरलेलं मांस त्याच्या रसासकट डब्यात भरा. फ्रीजमध्ये रस थिजून मांसाभोवती जेली होईल, ती तशीच राहू द्या. तीन-चार दिवसांत खायचं असेल तर फ्रीज, नाहीतर लगेच फ्रीझर. गरम करताना झाकण ठेवून, चमचाभर पाणी घालून, मंद आचेवर. मायक्रोवेव्हमध्ये उघडं ठेवलंत तर परत तुमच्या पहिल्या प्रयत्नासारखं सुकेल.

पुढच्या वेळी दुकानातून आणल्याबरोबर तुकड्याच्या कापलेल्या बाजूचा फोटो इथे टाका. पाठीचा आहे की खांद्याचा ते बघून सांगते, म्हणजे आठ तास भलत्याच तुकड्यावर जाणार नाहीत.