एफआयटी, कोलोगार्ड की कोलोनोस्कोपी? आधी बाबांचं बघा

तुमचा प्रश्न स्वतःबद्दलचा आहे, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचा. वय 47, न्यू जर्सीत राहता, त्रास काही नाही. डॉक्टरांनी तीन पर्याय दिलेत: घरी करायच्या शौचाच्या दोन चाचण्या, एफआयटी आणि कोलोगार्ड, आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं. त्यातला कोणता घ्यावा? आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंयत की साताऱ्याला बाबांना (वय 71) चार महिन्यांपासून शौचातून अधूनमधून रक्त जातंय, मूळव्याध जुनीच आहे, त्यांनाही एफआयटीचं किट पाठवू का.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. किट पाठवू नका. एफआयटी शोधते ते डोळ्यांना न दिसणारं रक्त. बाबांना ते दिसतंयच! स्क्रीनिंग हे ज्याला काही होत नाही त्याच्यासाठी असतं. रक्त जाणाऱ्या माणसाला थेट तपासणी लागते, म्हणजे डॉक्टरांनी बोटानं गुदद्वार तपासणं, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि या वयात कोलोनोस्कोपी. (इंग्लंडमध्ये लक्षणं असलेल्यांनाही आधी एफआयटी देतात, पण ती कुणाला किती घाईनं पुढे पाठवायचं हे ठरवायला, आणि निर्णय डॉक्टरांच्या हातात असतो. तुम्ही पाठवलेलं किट निगेटिव्ह आलं तर घरातले सगळे निर्धास्त होऊन बसतील, मला भीती त्याची वाटते.)

आमच्या घरात हे झालंय. भावाला तिशीपासून मोड होते, त्यामुळे रक्त पडलं की ते मोडांचंच, हे ठरलेलं. गरम पाण्याचा शेक, मलम, तिखट बंद, सुरणाची भाजी. असे चौदा महिने गेले. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे ऐकून औषध लिहून दिलं, कुणी तपासलं नाही. मग जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 7.8. कोलोनोस्कोपीत सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या भागात, कॅन्सरची गाठ निघाली. वय 52. मोड होते हे खरंच होतं, पण मोड असलेल्या माणसाला दुसरं काही होत नाही असं थोडंच आहे? भाऊ आज बरा आहे, पण ऑपरेशन आणि केमो दोन्हीतून गेला. बाबांना उतारवयात हिमोग्लोबिन कमी निघालं आणि लोहाच्या गोळ्यांवर भागवायचं ठरलं, तर 'रक्त जातंय कुठून' हा प्रश्न तुम्ही फोनवरून विचारा. मुलगा परदेशातून विचारतो म्हटलं की उत्तरं जरा नीट मिळतात, हाही अनुभव.

आता तुमचं. पर्याय निवडण्याआधी एक गोष्ट बघायची, आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालाय का. साठीच्या आत झाला असेल तर अमेरिकेतल्या नियमानुसार चाळिशीला, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हापासून दर पाच वर्षांनी कोलोनोस्कोपी. तिथे शौचाच्या चाचण्या पहिली पसंती उरत नाहीत. भावामुळे मी या गटात गेले. माझं वय तेव्हा 49, म्हणजे नऊ वर्षं उशीरच. काहीही त्रास नसताना 12 मिलिमीटरचा पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब) निघाला, त्याच वेळी तारेच्या फासानं कापून काढला, आणि पुढची तपासणी तीन वर्षांनी सांगितली.

कोलोनोस्कोपीचं वेगळेपण एवढंच, की ती शोधते आणि त्याच बैठकीत काढतेही. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणून स्वच्छ निघालं की पुढची दहा वर्षांनी. धोका शून्य नाही: आतड्याला भोक पडणं दहा हजारांत तीनेक जणांना, रक्तस्राव पंधराएक जणांना. 2022 मध्ये पोलंड, नॉर्वे, स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासानंतर 'कोलोनोस्कोपीचा उपयोग नाही' अशा बातम्या फिरल्या होत्या. त्यात ज्यांना बोलावणं गेलं त्यांच्यातल्या 42 टक्क्यांनीच ती केली होती, तरीही दहा वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण 1.20 वरून 0.98 टक्क्यांवर आलं. मृत्यूंत मात्र ठळक फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

एफआयटी दर वर्षी करायची असते. पथ्य काही नाही. कोलोगार्ड तिच्यातच शौचातल्या डीएनएची तपासणी जोडते आणि दर तीन वर्षांनी होते. 2014 मध्ये सुमारे दहा हजार लोकांवर दोन्ही एकाच वेळी करून पाहिल्या. कॅन्सर कोलोगार्डनं 92 टक्के पकडले, एफआयटीनं 74. मोठे, धोक्याचे पॉलिप 42 विरुद्ध 24. आणि काही मोठं नसताना पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण 13 विरुद्ध 5. (आता कोलोगार्डची सुधारलेली आवृत्तीही आली आहे.) लोक पहिला आकडा वाचून कोलोगार्ड घेतात. पण तिच्या एका फेरीच्या काळात एफआयटी तीनदा होते. म्हणजे 'दर वर्षी न चुकता करशील का?' हा खरा प्रश्न. नाही, हे उत्तर असेल तर एफआयटी तुमच्यासाठी नाही.

दोन्हींत एक अट सारखीच: पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपी. पुन्हा एफआयटी करून 'बघू या' नाही. तिकडच्या बहुतेक खासगी विमा योजनांत 2022 पासून ही पुढची कोलोनोस्कोपीही स्क्रीनिंगचाच भाग धरतात, खिशातून जात नाही. तरी आधी फोन करून खात्री करा. सीटी कोलोनोग्राफीत (सीटी स्कॅननं आतड्याची चित्रं घेणं) भूल नाही, पण पोट साफ करणं सुटत नाही आणि काही दिसलं की शेवटी कोलोनोस्कोपीच. रक्ताची नवी चाचणी 2024 मध्ये मान्य झाली, पण धोक्याच्या पॉलिपपैकी ती जेमतेम 13 टक्के पकडते. सुईला पसंती आहे म्हणून ती घेऊ नका. आणि आपल्याकडच्या हेल्थ चेकअप पॅकेजमधली सीईए, म्हणजे 'ट्यूमर मार्कर', ही स्क्रीनिंगची चाचणी नव्हेच.

मी तुमच्या जागी असते तर? घरात कुणाला नसेल, वर्षाला किट करायची शिस्त असेल, तर एफआयटी. शिस्त नसेल तर एकदाच कोलोनोस्कोपी करून दहा वर्षं मोकळे व्हा. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही दुसऱ्या गटातले वाटता, रागावू नका.

भारतातल्या वाचकांसाठी: आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. आपल्याकडे हा आजार अमेरिकेपेक्षा बराच कमी, त्यामुळे सरसकट सगळ्यांना कुणी बोलावणार नाही, घरात कुणाला झाला असेल तर आपणच विचारायचं. लॅबमध्ये 'ऑकल्ट ब्लड' (शौचातलं छुपं रक्त) म्हटलं की कधी जुनी ग्वायॅक चाचणी होते. त्यात मटण, मुळा, फ्लॉवर, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या, सगळंच घोळ घालतं. 'इम्युनो पद्धतीची, म्हणजे एफआयटी, आहे ना?' असं विचारून घ्या. नमुना पाण्यात पडू द्यायचा नाही. कमोडवर प्लॅस्टिक किंवा वर्तमानपत्र ताणून चिकटवायचं, काडीनं चार-पाच ठिकाणी टोचायचं, काडी नळीत परत. जास्त भरायचं नाही. उत्साहात मी पहिल्यांदा नळीच भरली होती.

बाबांची कोलोनोस्कोपी ठरली की सगळा खेळ पोट साफ करण्याचा आहे. दोन-तीन दिवस आधी पेरू, अंजीर, तीळ, टोमॅटो, पालेभाज्या बंद. बिया आतड्याला चिकटून बसतात. लोहाची गोळी आठवडाभर आधी बंद. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. पावडरचं पाणी अर्धं आदल्या रात्री, अर्धं पहाटे. चव म्हणजे कुणीतरी लिंबू सरबतात साखरेऐवजी मीठच टाकलंय. गार करून, स्ट्रॉनं, मधे शहाळ्याच्या पाण्याचा घोट घेत प्यायलं की जातं. शेवटी बाहेर येणारं पाणी गोमूत्रासारखं पिवळं आणि स्वच्छ दिसलं पाहिजे, तोवर थांबायचं नाही. एकटं ठेवू नका. 71 व्या वर्षी मध्यरात्री संडासात घसरून पडणं हा त्या रात्रीचा सगळ्यात मोठा धोका.

काही काढलं तर 'एक छोटी गाठ होती, काढली' एवढ्यावर फोन ठेवू नका. पॅथॉलॉजीचा कागद व्हॉट्सॲपवर मागवा. त्यावर पॉलिपचा प्रकार आणि आकार असतो, आणि तुमच्या न्यू जर्सीच्या डॉक्टरांना तुमचा गट ठरवायला तोच कागद लागेल.