वस्तीत मोफत शिवणवर्ग सुरू केला, पण बायका टिकत नाहीत. मशिनी दुसरीकडे हलवाव्यात का?

तुम्ही लिहिलंय की मित्रांनी वर्गणी काढून समाजमंदिरात मशिनी आणल्या, शिकवायला बाई नेमल्या, दुपारी दोन ते चार वर्ग ठेवला. पहिल्या आठवड्यात बसायला जागा नव्हती आणि आता चार-पाच जणीच येतात. यावरून बायकांना शिकायची गोडीच नाही असं तुम्हाला वाटू लागलंय. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये मी बरीच वर्षं बचत गटांचं आणि शिवणवर्गांचं काम करते आहे, आणि तुमचं हे अनुमान मला अजिबात पटत नाही.

आधी वेळ बघा. धुण्याभांड्याची कामं करणारी बाई दीड-दोनला घरी येते. जेवण, मुलांची शाळा, नळाला पाणी येण्याची वेळ, सगळं त्याच दोन तासांत असतं. ज्या घरी बसून माळा ओवतात किंवा पापड लाटतात त्यांची तेवढ्या वेळाची मजुरी बुडते. तुमचा वर्ग फुकट आहे, पण त्यांना तो फुकट पडत नाही. वेळ त्यांनाच ठरवू द्या. आमच्या एका वस्तीत बायकांनी रात्री साडेआठची वेळ मागितली. त्या वेळी बाई येतील असं आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं, पण तोच वर्ग सगळ्यात जास्त चालला.

आता शिकवता काय ते. नेहमीचा अभ्यासक्रम झबल्यापासून सुरू होतो आणि सहा महिन्यांनी प्रमाणपत्रापाशी संपतो. वस्तीत झबलं शिवून घ्यायला कोण येतं? पैसे मिळतात ते फॉल लावण्याचे, पिकोचे, घट्ट झालेला ब्लाउज उसवून सैल करण्याचे. म्हणून फॉलपासून सुरुवात करा. शिकता शिकताच हातात चार पैसे पडले की घरचेही 'जा वर्गाला' म्हणतात.

पुढची पायरी ब्लाउजची, आणि खरी अडचण तिथेच आहे. मशीन चालवणं बायका पटकन शिकतात, भीती असते ती कापायची. गिऱ्हाइकाचं कापड, त्यात अस्तर वेगळं, मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, जरा चुकला की बाही ओढली जाते आणि कापड भरून द्यावं लागतं. या भीतीपायी कित्येक जणी चांगला हात असूनही दुसऱ्याने कापून दिलेलंच शिवत राहतात आणि निम्म्या मजुरीवर राबतात. तेव्हा आधी वर्तमानपत्रावर, मग जुन्या साडीवर, पुन्हा पुन्हा कापून घ्या. एकमेकींची मापं घेऊ द्या. एका मापाचा ब्लाउज तिघींना बसत नाही हे फळ्यावर शिकवता येत नाही. पहिली काही कापडं बिघडली तर भरपाई वर्गाच्या पैशातून द्या. देणगीचा इतका चांगला उपयोग मला तरी दुसरा माहीत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कितीतरी ठिकाणी कौशल्य आधीच असतं. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या घ्या. कोकणातून, घाटावरून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना त्या दोन वेळचं जेवण घालत. स्वयंपाक त्यांना कोणी शिकवायचा? कामगार पैसे देणार महिन्याने, वाणसामान उधारीवर, त्या उधारीचं व्याज डोक्यावर. 1975 साली कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. अडलं होतं भांडवलावाचून. पुण्यातल्या कचरावेचक बायकांनाही कुठलं प्लास्टिक कोणत्या भावाला जातं हे पाठ होतं. 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या त्यांच्या संघटनेने त्यांना आधी महापालिकेच्या मान्यतेचं ओळखपत्र मिळवून दिलं. पुढे 2008 मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा दारोदार कचरा गोळा करण्यासाठी पालिकेशी करार झाला.

म्हणून वर्गाच्या जोडीला बचत गट सुरू कराच. महिन्याला थोडी थोडी बचत झाली की त्यातून स्वतःची जुनी मशीन घ्यायला कर्ज देता येतं. घरी मशीन नसेल तर शिकलेलं दोन महिन्यांत विसरतं. प्रमाणपत्र हवं असेल तर तुमच्या जिल्ह्यात जन शिक्षण संस्थान, म्हणजे सरकारी मदतीवर कामधंद्याचं शिक्षण देणारी संस्था, आहे का ते बघा. 1967 मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ म्हणून ही योजना सुरू झाली. 15 ते 45 वयोगटातल्या, शाळा सुटलेल्या किंवा कधी शाळेत न गेलेल्यांसाठी ते वस्तीत येऊन वर्ग घेतात.

मशिनी मात्र हलवू नका. ज्या चार-पाच जणी टिकल्यात त्यांच्याजवळ समाजमंदिराची किल्ली द्या आणि ज्या सुटल्या त्यांच्या घरी त्यांनाच पाठवा. तुम्ही गेलात तर 'वेळ नाही हो दादा' एवढंच ऐकायला मिळेल. सासूने अडवलं, नवरा रात्री बाहेर पाठवत नाही, लिहिता येत नाही म्हणून वहीत मापं उतरवायची लाज वाटते, ही कारणं त्या एकमेकींनाच सांगतील. कारण कळलं की पुढच्या महिन्याची वेळ आणि पहिला धडा त्याप्रमाणे बदला.